ईबी-२ की ईबी-३ हे नंतर ठरवा, आधी मुलीच्या वयाचा हिशेब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्याचे, सध्या न्यू जर्सीत एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. ईबी-२ मध्ये (नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डची दुसरी श्रेणी) प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, १६ जून २०१५. कंपनीचा तुमच्यासाठीचा अर्ज, आय-१४०, दाखल झाला ३ नोव्हेंबर २०१५ ला, मंजूर झाला २० मे २०१६ ला. पत्नी आणि मुलगी एच-४ वर (एच-१बीधारकाच्या कुटुंबाचा व्हिसा), मुलीचा जन्म १० ऑगस्ट २००७ चा. इतकी वर्षं होऊनही सरकार अर्जावर काही करत का नाही, इथल्या खासदाराच्या ऑफिसातून चौकशी लावली तर फरक पडेल का, आणि मित्र म्हणतात तसं ईबी-३ मध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत, 'डाऊनग्रेड' करावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच काळजी आहे, ती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे: मुलगी २१ वर्षांची होण्याआधी तारीख येईल का? खरा प्रश्न तोच आहे. तुम्हाला आणि तुमच्या पत्नीला ग्रीन कार्ड मिळायला उशीर होईल, पण वयामुळे ते हुकणार नाही. मुलीचं हुकू शकतं, कारण २१ नंतर ती तुमच्या अर्जात मूल म्हणून धरली जात नाही. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय तिच्या तारखेवर घासून पाहा.

आधी एक गैरसमज दूर करतो. तुमचा कोणताही अर्ज आज सरकारकडे पडून नाही. ग्रीन कार्डचं काम तीन खात्यांत विभागलेलं आहे. कामगार खातं 'पर्म' मंजूर करतं, म्हणजे या जागेसाठी पात्र अमेरिकन कामगार मिळाला नाही याचा दाखला देतं. पर्म ज्या दिवशी दाखल होतो तीच तुमची प्रायॉरिटी डेट. मग यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशन खातं, आय-१४० तपासतं: तुमचं शिक्षण आणि अनुभव त्या जागेला बसतो का, कंपनीला तो पगार परवडतो का. तुमच्या बाबतीत हे काम २०१६ मध्येच संपलं. शेवटचा, प्रत्यक्ष ग्रीन कार्ड मागणारा अर्ज म्हणजे आय-४८५. तो तुम्ही अजून भरलेलाच नाही, कारण तारीख आल्याशिवाय तो भरता येत नाही. ती तारीख दर महिन्याला परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. त्यामुळे चौकशी लावली तर 'आय-१४० मंजूर आहे, व्हिसा नंबर उपलब्ध नाही' एवढंच उत्तर येईल. खासदाराचं ऑफिस अडकलेल्या फायलीला धक्का देऊ शकतं, रांगेतली जागा पुढे सरकवू शकत नाही. तो खटाटोप आय-४८५ भरल्यानंतर काही अडलं तर करा.

रांग इतकी लांब का, तेही पाहू. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला किमान १,४०,०००. त्यातली २८.६ टक्के ईबी-२ ला, म्हणजे ४०,०४०. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्के, म्हणजे ईबी-२ मध्ये भारताच्या वाट्याला सुमारे २,८००. आणि या २,८०० मध्ये पत्नी व मुलंही मोजली जातात. तुमच्या तिघांच्या कुटुंबाला तीन नंबर लागतात. इतर देशांचे वापरले न गेलेले नंबर त्या श्रेणीतल्या सर्वांत जुन्या तारखांना मिळतात, आणि भारताची रांग खरी सरकते ती या उरलेल्या नंबरांवर. म्हणून 'अमुक वर्षी तुमचा नंबर येईल' असं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

२०२२ चं उदाहरण बघा. कोविडमुळे वकिलाती बंद होत्या, कौटुंबिक श्रेणीतले नंबर वापरले गेले नाहीत, ते कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षी नोकरीच्या श्रेणीत आले आणि त्या आर्थिक वर्षाची मर्यादा सुमारे २,८१,५०० झाली. सप्टेंबर २०२२ च्या बुलेटिनमध्ये भारताची ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ वर होती. ऑक्टोबरमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं आणि ती १ एप्रिल २०१२ वर आली, डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर. तुमची संधी साडेसहा महिन्यांनी हुकली. तारीख जशी अचानक पुढे जाते तशीच मागेही येते, आणि ज्यांची कागदपत्रं तयार होती त्यांनाच अशा खिडकीचा उपयोग झाला.

बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. 'फायनल ॲक्शन' तक्त्यातली तारीख ओलांडली की ग्रीन कार्ड प्रत्यक्ष देता येतं. 'डेट्स फॉर फायलिंग' हा तक्ता साधारण पुढे असतो, आणि यूएससीआयएसने त्या महिन्यापुरता तो मान्य केला तर आय-४८५ लवकर भरता येतो. छापलेली तारीख तुमच्या तारखेच्या नंतरची हवी. १६ जून २०१५ छापली असेल तर तुम्ही अजून बाहेरच आहात, १७ जून हवी.

आता मुलीचा हिशेब. मुलांच्या वयासाठी सीएसपीए नावाचा कायदा आहे. त्याचं सूत्र असं: व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीचं वय घ्या, त्यातून आय-१४० जितके दिवस विचाराधीन होता तितके दिवस वजा करा. उरलेलं वय २१ च्या आत हवं, मूल अविवाहित हवं, आणि व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एका वर्षात अर्ज करायला हवा. 'व्हिसा उपलब्ध' म्हणजे आय-१४० मंजुरीचा दिवस किंवा तारीख ज्या महिन्यात आली त्या महिन्याची १ तारीख, यातलं जे नंतरचं असेल ते.

तुमचा आय-१४० ३ नोव्हेंबर २०१५ ते २० मे २०१६ असा १९९ दिवस विचाराधीन होता. मुलगी २१ वर्षांची होते १० ऑगस्ट २०२८ ला. त्यात १९९ दिवस मिळवले की २५ फेब्रुवारी २०२९ येते. बुलेटिन महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतं, म्हणून तिच्यासाठी उपयोगाचं शेवटचं बुलेटिन फेब्रुवारी २०२९ चं. मार्चचं चालणार नाही. पावती आणि मंजुरीच्या नोटिशींवरच्या तारखांनी हे गणित स्वतः पुन्हा करा, एका दिवसाच्या फरकाने अख्खा महिना जाऊ शकतो.

कोणता तक्ता धरायचा, हा इथला सर्वांत धोक्याचा मुद्दा आहे. फेब्रुवारी २०२३ पासून यूएससीआयएस वयासाठी 'डेट्स फॉर फायलिंग' तक्ता धरत होतं. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना पुन्हा 'फायनल ॲक्शन' लागू झाला. इंटरनेटवरचे बरेच सल्ले या बदलाच्या आधीचे आहेत. अर्थ असा की उद्या फायलिंगचा तक्ता तुमच्या तारखेपर्यंत आला आणि तुम्ही तिघांनी आय-४८५ भरले, तरी मुलीचं वय तिथे गोठत नाही. फायनल ॲक्शनची तारीख मार्च २०२९ मध्ये आली तर तिचा अर्ज नामंजूर होईल, मग तो आधी कितीही वर्षं भरलेला असो. उलट, फायनल ॲक्शनची तारीख एकदा आली, तेव्हा ती सूत्राप्रमाणे २१ च्या आत होती, आणि तिचा आय-४८५ तेव्हा दाखल होता किंवा झाला, तर नंतर तारीख मागे गेली तरी तिचं वय गोठलेलंच राहतं.

डाऊनग्रेडकडे आता या नजरेने बघा. डाऊनग्रेड म्हणजे त्याच पर्मवर कंपनीने ईबी-३ मध्ये दुसरा आय-१४० भरायचा. जुना ईबी-२ चा मंजूर आय-१४० रद्द होत नाही, प्रायॉरिटी डेट तीच राहते, आणि पुढे जी रांग आधी येईल ती वापरता येते. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ चा फायलिंगचा तक्ता थेट १ जानेवारी २०१५ वर आला तेव्हा हजारो लोकांनी हेच केलं. मात्र ईबी-३ कायम पुढे असतो असं नाही, काही काळ ईबी-२ पुढे होता. दोन्ही रांगांत पाय ठेवायला हरकत नाही, पण मुलीच्या दृष्टीने यात एक खाच आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

वजा होणारे दिवस मोजायचे ते ज्या आय-१४० वर मुलीचं ग्रीन कार्ड आधारलेलं असेल त्याचे. तुम्ही ईबी-३ चा आय-१४० प्रीमियम प्रोसेसिंगमध्ये (जादा फी भरून जलद निकाल) भरलात, तर १५ कामकाजाच्या दिवसांत निकाल येईल आणि वजावट जेमतेम तीन आठवड्यांची मिळेल. म्हणजे ईबी-३ मधून गेल्यास तिची शेवटची संधी ऑगस्ट २०२८ चं बुलेटिन. जुन्या आय-१४० मुळे मिळणारे सहा महिने त्या वाटेवर जातात. प्रीमियम सहसा भरतात ते एच-१बी ची मुदत सहा वर्षांपुढे वाढवायला मंजूर आय-१४० लागतो म्हणून. तुमच्याकडे तो ईबी-२ मुळे आहेच, तीन-तीन वर्षांची वाढ तुम्हाला मिळतेच. तेव्हा ईबी-३ चा अर्ज साध्या प्रक्रियेतच भरा, तो विचाराधीन असेपर्यंत सीएसपीएच्या हिशेबात मुलीचं वय वाढत नाही. पुढे गरज पडली तर तो प्रीमियममध्ये नेता येतो. मी तुमच्या जागी असतो तर हा अर्ज आत्ताच, साध्या प्रक्रियेत भरायला कंपनीला सांगितलं असतं.

यात काय परिस्थितीवर अवलंबून आहे? पहिलं, तुम्ही अजून पर्म करणाऱ्या त्याच कंपनीत आहात का (किंवा ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर तिच्या कायदेशीर वारसदार कंपनीत). नोकरी बदलली असेल तर जुना पर्म नव्या कंपनीला वापरता येत नाही. नवा पर्म करावा लागतो, त्याला वेतननिश्चिती, जाहिराती आणि खात्याचा वेळ धरून दीड-दोन वर्षं सहज जातात. प्रायॉरिटी डेट मात्र २०१५ चीच मिळते. दुसरं, कंपनीला २०१५ पासून आजपर्यंत तो पगार परवडत होता हे पुन्हा दाखवावं लागतं. शंभर किंवा त्याहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत वित्त अधिकाऱ्याचं पत्र चालू शकतं, छोट्या कंपनीला दरवर्षीची करविवरणपत्रं काढावी लागतात. मधल्या एखाद्या वर्षी तोटा असेल तर जपून. तिसरं, दुसरा अर्ज म्हणजे फाईल पुन्हा उघडली जाणार. तुमची पदवी तीन वर्षांची बीएस्सी असेल, किंवा अनुभवपत्रांत पदनाम आणि तारखा जुळत नसतील, तर अतिरिक्त पुराव्याची मागणी येऊ शकते आणि त्याचे चटके पहिल्या मंजुरीलाही बसू शकतात. चार वर्षांची बीई आणि नीट अनुभवपत्रं असतील तर हा धोका कमी.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: पत्नीचा जन्म कुठला? रांग ठरते ती जन्माच्या देशावरून, पासपोर्टवरून नाही. आणि पती-पत्नी एकमेकांचा जन्मदेश वापरू शकतात. आखातात नोकरी केलेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. पत्नीचा जन्म मस्कत, कुवेत, दुबई किंवा बहरीनचा असेल, तर तुम्ही भारताच्या रांगेतून निघून त्या देशाच्या रांगेत जाता, आणि वर लिहिलेला सगळा हिशेब निकालात निघतो. मुलांच्या जन्मदेशाचा असा फायदा आईवडिलांना मिळत नाही, पती-पत्नींना एकमेकांचा आणि मुलांना आईवडिलांचा मिळतो. वकिलाच्या पहिल्या फॉर्ममध्ये हे नोंदलेलं असायला हवं, पण तो फॉर्म बहुतेक वेळा फक्त तुमच्याच माहितीने भरलेला असतो.

आता एच-४. सीएसपीए मुलीचं ग्रीन कार्ड वाचवू शकतो, एच-४ नाही. एच-४ तिच्या २१ व्या वाढदिवशी, १० ऑगस्ट २०२८ ला संपतो, १९९ दिवसांची वजावट तिथे लागू नाही. त्याआधी तिला एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जावंच लागेल. कॉलेजचा आय-२० (प्रवेशाचा फॉर्म), फीचा पुरावा आणि आय-५३९ हा व्हिसाचा दर्जा बदलण्याचा अर्ज, एवढं लागतं, आणि तो एच-४ चालू असतानाच दाखल झाला पाहिजे. वाढदिवसाच्या किमान आठ-दहा महिने आधी भरा. इथेही क्रमाला फार महत्त्व आहे. एफ-१ साठी शिक्षण संपल्यावर परत जाण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि आय-४८५ दाखल झाल्यावर तो दाखवणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून एफ-१ आधी, आय-४८५ नंतर. फायलिंगची तारीख आली म्हणून घाईने आय-४८५ भरून तिला फक्त त्याच्या भरवशावर ठेवलं, आणि तो वयामुळे नामंजूर झाला, तर त्या दिवसापासून तिचं इथलं राहणं बेकायदा ठरतं. एफ-१ हातात असेल तर निदान शिक्षण आणि त्यानंतरचा ओपीटी (शिक्षणानंतर काम करण्याची तात्पुरती परवानगी) सुरू राहतो. आय-४८५ भरल्यानंतर मात्र ॲडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) येईपर्यंत तिने अमेरिकेबाहेर जायचं नाही, आजीआजोबांना भेटायलासुद्धा नाही. गेली तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

हे सगळं करूनही तारीख हुकली तर? तुम्हाला ग्रीन कार्ड मिळाल्यावर अविवाहित सज्ञान मुलीसाठी एफ२बी श्रेणीत अर्ज करता येतो. ती रांग वेगळी आणि वर्षानुवर्षांची असते, आणि त्या काळात तिने लग्न केलं तर तो अर्ज संपतो. तुमची २०१५ ची तारीख तिला मिळत नाही, अशा मुलांबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच विरोधात निकाल दिला आहे. म्हणून फेब्रुवारी २०२९ ही तारीख मी इतकी रेटून सांगतो आहे.

नोकरीबद्दल थोडक्यात. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले आहेत, त्यामुळे कंपनीने तो मागे घेतला तरी तुमची प्रायॉरिटी डेट आणि एच-१बी ची वाढ दोन्ही टिकतात. नोकरी गेली तर नवा एच-१बी अर्ज दाखल व्हायला ६० दिवसांपर्यंतची सवलत असते, आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या दोन्ही एच-४ ना तीच मुदत.

कागदपत्रांवर आत्तापासून काम करा, कारण खिडकी उघडली की ती महिन्याभरात बंद होऊ शकते, आणि महाराष्ट्रातून दाखला मिळवायला त्याहून जास्त वेळ लागतो. तिघांचेही जन्मदाखले काढून बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या दाखल्यांवर बाळाचं नाव नसणं अगदी नेहमीचं, नुसतं आईवडिलांचं नाव आणि 'पुरुष' किंवा 'स्त्री'. महापालिकेत किंवा नगरपालिकेत नाव चढवता येतं का ते आधी विचारा, त्याची १५ वर्षांची मुदत उलटलेली असते पण शासन वेळोवेळी ती वाढवतं. जमलं नाही तर आहे तो दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र आणि तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या, जन्म ठाऊक असलेल्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं असा संच करा. नोंदच नसेल तर आधी स्थानिक निबंधकाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या. त्याशिवाय प्रतिज्ञापत्रांना वजन येत नाही. जन्मानंतर वर्षभराहून उशिरा झालेली नोंद असेल तरी हाच जोडपुरावा लागतो.

दुसरी आपल्याकडची नेहमीची अडचण नावांची. पत्नीच्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर दोन्ही नावं असतील तर उत्तम, नसतील तर राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा 'या दोन नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र जोडा. मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे पतीचं, कुठे नुसतं आद्याक्षर, असे सगळे प्रकार आय-४८५ मध्ये 'वापरलेली इतर नावं' या रकान्यात लिहून टाका. लपलेल्या फरकावर प्रश्न येतात, सांगितलेल्यावर सहसा येत नाहीत. फक्त मराठीत असलेल्या दाखल्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यातल्या मजकुरासह, आणि भाषांतरकाराने दोन्ही भाषा येत असल्याचं लिहून सही करायची असते. नोटरीची गरज नाही. भाषांतर तुम्ही स्वतः करू नका, दुसऱ्याकडून करून घ्या.

वैद्यकीय तपासणी मात्र आत्ता करू नका. तिचा फॉर्म, आय-६९३, २ डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ सोबतच द्यावा लागतो, पण तो अर्ज भरायच्या महिन्यातच करा. लसीकरणाच्या नोंदी मात्र आत्ताच गोळा करून ठेवा.

शेवटी वकिलाबद्दल. कंपनीचा वकील कंपनीचं काम बघतो. मुलीच्या वयाचा हिशेब हा त्याच्या कामाचा भाग नसतो, आणि बहुतेक वेळा तो कुणी विचारल्याशिवाय करतही नाही. तासाभराचे पैसे मोजून स्वतंत्र वकिलाकडून हे गणित तपासून घ्या. जाताना आय-१४० ची पावती आणि मंजुरीची नोटीस, पर्मची प्रत, तिघांचे जन्मदाखले आणि मुलीचा चालू आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) न्या. पर्म किंवा आय-१४० ची प्रत कंपनी देत नसेल तर यूएससीआयएसकडे माहिती अधिकाराचा, म्हणजे इथल्या 'फोया' चा अर्ज ऑनलाइन करा. त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात, तेव्हा तो याच आठवड्यात टाका.